बेअरिंगची गाडी: मुलासाठी घरच्या घरी बांधता येणारी गो-कार्ट

आठ ते अकरा वर्षांच्या मुलासाठी पहिली गो-कार्ट बांधायची असेल, तर तिला इंजिन किंवा मोटर बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चाके म्हणून गॅरेजमधून बाद झालेली चार बेअरिंगे, प्लायवूडची एक फळी आणि दोन लाकडी आख एवढ्या सामानात जी गाडी तयार होते, तिच्यात वळणे, थांबणे आणि तोल सांभाळणे या तिन्ही गोष्टी मुलाला पुरेपूर शिकता येतात. कार्टिंगचा इतिहास १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी छोटे टू-स्ट्रोक इंजिन लावून बनवलेल्या गाडीपासून मोजला जातो. पण त्याच्याही आधी, १९३४ पासून, अमेरिकेत मुलांच्या बिनइंजिनाच्या उतारगाड्यांची 'सोप बॉक्स डर्बी' ही स्पर्धा भरू लागली होती. खाली दिलेली गाडी त्याच जातीची आहे. या गाडीला वेग फक्त उतारावरून मिळतो आणि तो किती असावा हे उतार निवडणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात राहते, म्हणूनच मला ती पसंत आहे.

प्रथम बेअरिंगांविषयी. जुनी बेअरिंगे दुचाकीच्या आणि ट्रकच्या गॅरेजात, मोटर वाइंडिंगच्या दुकानात किंवा भंगारवाल्याकडे सहज मिळतात. बेअरिंगच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्याहून मोठे असतील, तर त्यांना ५ ने गुणले की आतल्या छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. उदाहरणार्थ, ६२०४ चे छिद्र २० मिमीचे आणि ६३०६ चे ३० मिमीचे असते. या गाडीसाठी ६३०६ उत्तम, कारण तिचा बाहेरचा व्यास ७२ मिमी असल्याने ती काँक्रीटमधल्या बारीक भेगांत अडकत नाही. ती न मिळाल्यास ६२ मिमीची ६२०६ चालते, पण गाडी त्या प्रमाणात आणखी खाली बसते. चारही बेअरिंगे एकाच क्रमांकाची घ्यावीत. उघड्या प्रकारची बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, पूर्ण सुकवून, कानाजवळ फिरवून पाहावी. आत खडे फिरल्यासारखा आवाज आला किंवा बाहेरचे कडे हाताने डगडगले, तर ती परत करावी. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेली बेअरिंग मात्र धुऊ नये.

लाकडात सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते आख. प्रत्येकी ४५ मिमी चौरस जाडीचे, मधला भाग ६० सेंमी आणि दोन्ही टोकांना चाकासाठी ४ सेंमी, असे एकूण ६८ सेंमी लांबीचे दोन तुकडे लागतील. लाकूड बाभळीचे मिळाले तर दुसरे काही पाहू नये. ते चिवट असते, धक्का सहन करते आणि एकदम तडकत नाही. सागही चालेल. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइनचे लाकूड आखाला वापरू नये, कारण नेमक्या खांद्यापाशी, म्हणजे गोल टोक जाड भागाला मिळते तिथे, गाठ आली तर टोक तुटते. बैठकीसाठी १८ मिमी जाडीचे, ११० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद प्लायवूड घ्यावे. गाडी पावसाळ्यात बाहेर राहण्याची शक्यता असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेले वॉटरप्रूफ प्लाय घेणे परवडते.

आता आखाचे टोक गोल करण्याचे काम, ज्यावर गाडीचे सगळे चालणे अवलंबून आहे. टोकाच्या चौकोनात दोन कर्ण आखून मध्य काढावा आणि कर्कटकाने ३० मिमी व्यासाचे वर्तुळ काढावे. टोकापासून ४ सेंमीवर गुण्याने चारही बाजूंना रेघ मारावी आणि त्या रेघेवर करवतीने वर्तुळाच्या खोलीइतकाच काप घ्यावा. काप एक-दोन मिलिमीटरही जास्त खोल गेला, तर टोक पुढे तिथेच मोडते. त्यानंतर पटाशीने बाजू उतरवून चौकोनाचा अष्टकोन करावा, मग कानशीने गोल करावा आणि शेवटी पॉलिश पेपर मारावा. मधूनमधून बेअरिंग टोकावर धरून पाहत राहावे. ती हाताने निम्मी शिरली आणि पुढे अडली, की घासणे थांबवावे.

बेअरिंग ठोकून बसवताना हातोडी थेट मारू नये. आतल्या कड्यावर टेकेल अशा पाइपच्या तुकड्यावर हलके ठोके द्यावेत. बाहेरच्या कड्यावर मारलेला प्रत्येक ठोका आतल्या गोळ्यांवर येतो आणि चांगली बेअरिंग त्याने खराब होते. बेअरिंग बसवण्यापूर्वी लाकडाच्या खांद्याला लागून ३० मिमी छिद्राचा एक पातळ वायसर घालावा. त्यामुळे खांदा फक्त आतल्या कड्याला टेकतो. नाही तर फिरणारे बाहेरचे कडे लाकडाला घासत राहते आणि गाडी उतारावरही अडखळते. बाहेरच्या बाजूने पुन्हा एक वायसर घालून, त्याच्या पुढे टोकात ५ मिमीचे आरपार छिद्र पाडावे आणि त्यात स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवावेत. चाक निखळून पडू नये यासाठी ही पिन आहे, म्हणून तिच्या जागी खिळा वाकवून वेळ मारून नेऊ नये.

मागचा आख फळीच्या मागच्या कडेपासून १३ सेंमीवर, गुण्याने काटकोन तपासून, ८ मिमीच्या चार बोल्टांनी पक्का करावा आणि फळी व आख यांच्यामध्ये १२ मिमी प्लायची एक पट्टी घालावी. पुढचा आख फळीच्या पुढच्या कडेपासून १२ सेंमीवर एकाच बोल्टवर फिरता ठेवायचा आहे. दोन आखांमधले अंतर यामुळे ८५ सेंमी होते, जे या वयाच्या मुलाच्या पायांना साधारण जुळते. तरी भोके पाडण्यापूर्वी मुलाला फळीवर बसवून, गुडघे किंचित वाकलेले ठेवून, पाय नेमके कुठे पोहोचतात ते पाहावेच. काही जण पुढे एकच चाक बसवून तीन चाकांची गाडी करतात. तिला सामान कमी लागते, पण वळणावर ती पुढच्या कोपऱ्याकडे कलंडते, म्हणून चौथ्या चाकाची काटकसर करू नये.

फिरत्या आखासाठी १२ मिमी जाडीचा, १०० मिमी लांबीचा बोल्ट आणि नायलॉक नट घ्यावा. आखाच्या मध्यावर १२ मिमी प्लायची १५ सेंमी व्यासाची चकती स्क्रूने बसवावी, तिच्या वरच्या बाजूला ग्रीस लावावे आणि बोल्ट फळी, चकती आणि आख या तिन्हींतून पार करावा. चकतीमुळे आख पुढेमागे डुलत नाही. नट एवढाच आवळावा की वरखाली खेळ राहू नये, पण आख हाताने सहज फिरावा. साधा नट वापरल्यास चाकांच्या कंपनाने तो थोड्याच वेळात ढिला होतो. नायलॉक नटातील नायलॉनचे कडे त्याला धरून ठेवते.

हा आख किती फिरू शकतो याला मर्यादा घालणे अत्यंत आवश्यक आहे. भर वेगात तो पूर्ण आडवा वळला, तर गाडी जागीच उलटते. त्यासाठी वेगळी जुळणी करावी लागत नाही. फळीला बळकटी यावी म्हणून खालून ५ सेंमी उंच आणि २.५ सेंमी जाडीच्या दोन रिपा उभ्या बसवायच्याच असतात. त्यांच्या बाहेरच्या कडा फळीच्या मध्यरेषेपासून १० सेंमीवर ठेवाव्यात आणि पुढची टोके फिरत्या बोल्टच्या मध्यापासून ७ सेंमी मागे थांबवावीत. आख सुमारे २५ अंश वळला की तो रिपेच्या टोकाला अडतो. या रिपा फेव्हिकॉल आणि वरून मारलेले स्क्रू यांनी बसवाव्यात, आणि पुढच्या टोकाशी प्रत्येकी एक बोल्टही द्यावा, कारण आखाचे धक्के तिथेच बसतात.

आखाच्या दोन्ही बाजूंना पक्क्या कड्या बसवून त्यांत ८ मिमी जाडीची दोरी बांधावी. उजवीकडे वळायचे असेल तर मुलाने उजवी दोरी ओढावी आणि डाव्या पायाने आख पुढे रेटावा. पाय ठेवण्याची जागा फळी आणि चाक यांच्यामध्ये सुमारे १५ सेंमी आहे. बूट सरकून चाकाला लागू नये म्हणून तिच्या बाहेरच्या टोकाला बोटभर उंचीचा लाकडी ठोकळा स्क्रूने लावावा. दोरी सैल सोडल्यावर जमिनीला लागणार नाही इतकीच लांब असावी.

ब्रेकशिवाय गाडी उतारावर नेऊ नये. बुटाच्या टाचा घासून थांबणे हा ब्रेक नव्हे, कारण इतक्या बुटक्या गाडीत पाय खाली आला तर तो मागे ओढला जाऊन घोटा मुरगळतो. फळीच्या मागच्या टोकाजवळ, दोन्ही कडांना खालून घट्ट बोल्ट केलेल्या ठोकळ्यांत १० मिमीच्या बोल्टवर एकेक लाकडी दांडा बसवावा. बोल्टपासून मागे १२ सेंमी आणि पुढे ४५ सेंमी अशी दांड्याची विभागणी केली, की हाताचा जोर जमिनीवर जवळजवळ चौपट होऊन पोहोचतो. दोन्ही दांड्यांची मागची टोके एका आडव्या पट्टीने जोडावीत आणि पट्टीच्या खाली जुन्या टायरचा तुकडा, नक्षीची बाजू जमिनीकडे करून, स्क्रूने बसवावा. मुलाने दांडा मोटारीच्या हँडब्रेकप्रमाणे वर ओढला की पट्टी खाली दाबली जाते. आडव्या पट्टीमुळे एकच दांडा ओढला तरी पूर्ण रुंदीचा ब्रेक लागतो आणि गाडी एका बाजूला ओढली जात नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून पट्टीला बांधावा, म्हणजे हात सोडताच ती पुन्हा वर उचलली जाते. ब्रेकची पट्टी बोल्टच्या मागेच असली पाहिजे. ती पुढच्या बाजूला ठेवल्यास जमिनीत रुतते आणि गाडी मागून उचलली जाते. पट्टी टेकण्याची उंची मूल गाडीत बसलेले असतानाच तपासावी.

पाठीला टेकण्यासाठी १२ मिमी प्लायची ३० सेंमी उंच पाठ पुरेशी आहे. पट्टा लावू नये. शर्यतीच्या गो-कार्टलाही डोक्यावर संरक्षक सांगाडा नसल्याने सीटबेल्ट नसतो. कडा पॉलिश पेपरने गोल कराव्यात आणि दोन हात रंग द्यावा. मोजमाप, पॉलिश पेपर, स्क्रू पिळणे, ग्रीस लावणे ही कामे मुलाकडे अवश्य द्यावीत. करवत आणि पटाशी मोठ्यांनीच हाताळावी.

जागा निवडताना गुळगुळीत काँक्रीट पाहावे. डांबरी रस्त्यावर बेअरिंग नीट पळत नाही आणि फरशीवर किंवा ओल्या जमिनीवर ती घसरते. सार्वजनिक रस्ता आणि सोसायटीच्या तळघरात उतरणारा पार्किंगचा रॅम्प ही दोन्ही ठिकाणे पूर्णपणे वर्ज्य समजावीत, कारण रॅम्पच्या तळाशी भिंत किंवा येणारी मोटार असते. घर्षण धरले नाही, तर अर्ध्या मीटरच्या उतरणीने गाडीला ताशी सुमारे ११ किमी वेग येतो, १ मीटरने १६ किमी आणि २ मीटरने साडेबावीस किमी. प्रत्यक्षात वेग याहून थोडा कमी राहतो, पण हिशेब याच आकड्यांचा ठेवावा. किती उतरण आहे हे डोळ्यांनी कळत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी उताराच्या दोन टोकांना धरून जमिनीपासून पाण्याची उंची मोजावी आणि दोन मापांतील फरक घ्यावा. सुरुवातीला अर्धा मीटर उतरण पुरे. उतार जितका लांब, किमान तितकीच सपाट मोकळी जागा त्याच्या पुढे असावी.

पहिल्या फेऱ्या मुलाच्या वजनाइतके वाळूचे पोते बांधून घ्याव्यात आणि गाडी सरळ जाते का ते पाहावे. ती एका बाजूला ओढत असेल, तर मागचा आख फळीशी काटकोनात नाही किंवा एखादी बेअरिंग जड फिरते आहे, असे समजावे. त्यानंतर मुलाला सपाट जागेवर ढकलत नेऊन फक्त ब्रेक लावण्याचा सराव द्यावा आणि तो हुकमी जमल्यावरच उतारावर न्यावे. हेल्मेट, बंद बूट आणि हातमोजे प्रत्येक वेळी हवेत; लांब केस बांधलेले असावेत आणि ओढणी किंवा सैल नाडी लोंबती नसावी.

दर वेळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी ती उलटी करून चारही स्प्लिट पिना, मधला नायलॉक नट आणि आखाचे खांदे पाहावेत. खांद्यापाशी केसाएवढी चीर दिसली तरी तो आख बदलावा, डिंक भरून चालवू नये. टायरच्या तुकड्याची नक्षी घासून सपाट झाली की तो काढून नवा लावावा, आणि त्याचे स्क्रू रबरात पुरेसे खोल बुडवावेत, म्हणजे त्यांची डोकी जमिनीला लागत नाहीत.