या चुका टाळा : क्लिकहाउसमध्ये इन्सर्ट रखडतात तेव्हा आधी टेबल बघा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात साठ मागांच्या नोंदी मी क्लिकहाउस या डेटाबेसमध्ये साठवत होतो. दर दहा सेकंदांनी प्रत्येक मागाचा वेग आणि धागा तुटला का, एवढंच यायचं. दुसऱ्याच दिवशी ‘टू मेनी पार्ट्स’ची, म्हणजे डिस्कवर डेटाचे तुकडे फार झाल्याची एरर आली. सर्व्हर कमी पडतोय असं सगळ्यांना वाटलं. चूक माझ्या टेबलात होती.

मी पार्टिशन, म्हणजे टेबलाचे कप्पे, केलं होतं माग क्रमांक आणि तारखेवर. शोध पटकन लागेल हा हिशेब. पण इन्सर्टमधल्या (नव्या ओळी टाकण्याच्या एका हुकमातल्या) ओळी जितक्या पार्टिशनमध्ये जातात, तितके नवे पार्ट डिस्कवर तयार होतात. म्हणजे साठ ओळींच्या एका इन्सर्टमागे साठ पार्ट, प्रत्येकात एकच ओळ! पडद्यामागे चालणारं मर्ज फक्त एकाच पार्टिशनमधले पार्ट जोडतं, त्यामुळे ते कधी पुरं पडत नाही. शिवाय एका इन्सर्ट ब्लॉकमध्ये 100 पार्टिशनांची मर्यादा असते. आणखी एक शेड जोडली असती तर तीही ओलांडली असती.

पार्टिशन महिन्यावर ठेवा. माग क्रमांकाची जागा ऑर्डर बायमध्ये, म्हणजे ओळींच्या क्रमवारीत : आधी शेड, मग माग, मग वेळ. एकाच मागाची मूल्यं शेजारी बसली की कॉम्प्रेशनही चांगलं होतं.

ओळी एकेक करून पाठवू नका. एका इन्सर्टमध्ये किमान 1,000, जमल्यास 10,000 ते 1,00,000 ओळी द्या. आमच्यासारख्या थेंबथेंब येणाऱ्या डेटासाठी एसिंक इन्सर्ट चालू करा, मग गठ्ठा सर्व्हरच बांधतो.

सरसकट नलेबल (रिकामं मूल्य चालणारे) कॉलमही नको, प्रत्येक अशा कॉलमसोबत कोणतं मूल्य रिकामं हे सांगणारा वेगळा मास्क लिहावा लागतो. मटेरियलाइज्ड व्ह्यू (नव्या ओळींवर आपोआप चालणाऱ्या क्वेरी) मोजकेच ठेवा, प्रत्येक इन्सर्टला ते सगळे चालतात.

ताणा एकदा मागावर चढला की मध्येच बदलत नाही, हे विणकराला सांगावं लागत नाही. पार्टिशन कीचं तसंच आहे. चुकली असेल तर नवं टेबल करा, इन्सर्ट सिलेक्टने डेटा हलवा आणि शेवटी नावांची अदलाबदल करा. त्यानंतर सिस्टिम डॉट पार्ट्स या क्लिकहाउसच्या स्वतःच्या टेबलात दर पार्टिशनचे अॅक्टिव्ह (सध्या वापरातले) पार्ट तासभर मोजत राहा. आकडा वरखाली होत असेल तर मर्ज पुरं पडतंय. नुसताच चढत असेल तर पार्टची मर्यादा वाढवू नका, पुन्हा टेबलाच्या रचनेकडे या.