फिलिपिनो-अमेरिकन कुटुंबातील दुसऱ्या संधीची प्रेमकथा लिहिताना या चुका टाळा

दुरावलेले दोघे अनेक वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, या सूत्रावरची कादंबरी फसते ती बहुतेकदा पूर्वार्धातच, कारण पहिली ताटातूट लटकी असते. अर्धवट ऐकलेले वाक्य किंवा न पोहोचलेला निरोप, एवढ्यावर तुटलेले नाते पुन्हा जुळले काय किंवा न जुळले काय, वाचकाला त्याचे सोयरसुतक राहत नाही. फिलिपिनो-अमेरिकन कुटुंब निवडणाऱ्याने तर ही चूक मुळीच करू नये. त्या समाजाच्या स्थलांतरातच वजनदार कारणे आहेत.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत परिचारिका असलेल्या, ग्रीन कार्डधारक आईने आपल्या २१ वर्षांवरील अविवाहित मुलीसाठी कायमच्या स्थलांतराच्या व्हिसाचा अर्ज केला आहे. अशा व्हिसासाठी फिलिपिन्समधील अर्जदारांना अनेक वर्षे ताटकळावे लागते आणि दरम्यान मुलीने लग्न केले तर अर्जच रद्द होतो, कारण ग्रीन कार्डधारकाला विवाहित अपत्यासाठी अर्ज करता येत नाही. फिलिपिन्समधील इलोइलो शहरातला प्रियकर लग्नाचे विचारतो आणि ती नकार देते. येथे खलनायक कोणीच नाही, तरीही जखम खरी आहे. मात्र चोखंदळ वाचक विचारणारच की, अमेरिकेत पोहोचल्यावर तिने परत येऊन लग्न का केले नाही. त्याचे उत्तर लेखकाकडे तयार हवे. मधल्या काळात त्याने दुसरीशी लग्न केले असेल तर गुंता वाढतो, कारण मुस्लिमांचा अपवाद सोडल्यास फिलिपिन्समध्ये दोन फिलिपिनो नागरिकांना घटस्फोटाची सोय नाही आणि विवाह रद्द ठरवून घेण्याची न्यायालयीन वाट खर्चिक व लांबलचक आहे. ‘यथावकाश त्याचा घटस्फोट झाला’ असे एका ओळीत उरकणारी कादंबरी तिथेच विश्वास गमावते.

दुसरी मोठी चूक म्हणजे कुटुंबाला निव्वळ अडसर ठरवणे. ज्या मावशीने दुहेरी पाळ्या करून नायिकेच्या शिक्षणाचा खर्च उचलला, तिच्या उपकारांचे ओझे, ज्याला टागालोग या फिलिपिन्समधील प्रमुख भाषेत ‘उतांग ना लोओब’ म्हणतात, नायिका झटकून टाकू शकत नाही, आणि तिने झटकावे अशी वाचकाचीही अपेक्षा नसते. ही मावशी विरोध बोलून दाखवीलच असे नाही. सणासाठी सगळ्याजणी टेबलाभोवती लुम्पियाच्या गुंडाळ्या वळत असताना, जुन्या प्रियकराचे नाव निघताच ती ओल्या फडक्याखालची पातळ पारी उचलते, त्यावर खिम्याचे सारण ठेवते आणि विषय बदलते; पुढे कधीतरी त्याच माणसाला निघताना ती फॉइलमध्ये बांधलेले जेवण हातात देते. माझ्या मते या दोन प्रसंगांत जेवढे सांगून होते, तेवढे पानभर संवादांत होत नाही.

मराठी लेखकाच्या हातून आणखी एक गफलत सहज होते, ती म्हणजे सासर-माहेरची चौकट तिथे बसवणे. फिलिपिनो नातेव्यवस्थेत आई आणि वडील या दोन्ही बाजू सारख्याच मोलाच्या मानल्या जातात आणि मुलांच्या नावात मधले नाव म्हणून रूढीने आईचे माहेरचे आडनाव येते. त्यामुळे ‘ती त्या घरात जाईल का’ यापेक्षा ‘दोन्ही घरांचा भार कोण आणि किती उचलणार’ हा प्रश्न कथेला अधिक पुढे नेतो.

पिढीही नेमकी ठरवावी. १९०६ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या मजुरांचा, ज्यांत पुढे इलोकानो या दुसऱ्या फिलिपिनो भाषेच्या भाषकांचे प्रमाण मोठे झाले, वारसा वेगळा आणि अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या परिचारिकांच्या, कॅलिफोर्नियातील डेली सिटीतल्या घराचा वेगळा. सर्वांच्या तोंडी टागालोग घालू नये. आजोबांची स्वतःची हुकलेली प्रेमकथा हवी असेल, तर कॅलिफोर्नियाने १९३३ मध्ये फिलिपिनो आणि गोऱ्यांच्या विवाहावर घातलेली बंदी, जी १९४८ पर्यंत टिकली, अवश्य वापरावी.

शेवटी, सणांना केवळ सजावट करू नये. १६ ते २४ डिसेंबरपर्यंतच्या ‘सिंबांग गाबी’च्या, म्हणजे नाताळाआधीच्या नऊ प्रार्थना, ज्या फिलिपिन्समध्ये पहाटे आणि अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये आदल्या संध्याकाळी होतात, दुरावलेल्या दोघांना रोज समोरासमोर आणतात. नऊ पूर्ण केल्यास इच्छा फळते अशी श्रद्धा आहे, म्हणून नवव्या दिवशी सर्वांदेखत प्रेमाची कबुली घडवण्याचा मोह होतो. तो आवरावा. चारचौघांत लाज जाण्याचे भय या घरांत खोल असते, आणि सर्वांसमोर विचारल्यावर मिळालेला होकार मनापासूनचा होता की कोंडीतून आलेला, हे वाचकाला कधीच कळत नाही.