गॅसवरचा गंज काळा पडतोय? शेगडीची सफाई आणि देखभाल अशी करा

चुलीवरचा गंज, म्हणजे पातेलं, काळा होणारच. पण गॅसवर ठेवलेल्या गंजाचं बूड काळं पडायला लागलं तर शेगडीत हवेची वाट कुठंतरी बुजलीय असं समजा. नीट जळणारी ज्योत निळी असते, तिच्या आत छोटा टोकदार कोंब दिसतो आणि ती स्थिर राहते. पिवळी, लांब, डुलणारी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय. काजळी धरते, वरण शिजायला वेळ लागतो आणि सिलिंडर लवकर संपतो. झाडू मारताना धूळ उडून ज्योतीत केशरी ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, धूळ बसली की त्या थांबतात.

रोज ज्वारीच्या भाकरी होणाऱ्या घरात बर्नर लवकर भरतो. भाकरीवरून झडलेलं पीठ छिद्रांवर पडतं, त्यावर दूध नाहीतर वरण उतू गेलं की लगदा होऊन जळतो आणि दगडासारखा घट्ट बसतो. अशा घरात दर आठवड्याला बर्नर काढून पुसा आणि महिन्यातून एकदा पूर्ण सफाई करा.

सुरुवात करण्याआधी

स्वयंपाक आटोपल्यावर निदान अर्धा तास शेगडी गार होऊ द्या. बटणं बंद करा, रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढा आणि सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेलं प्लास्टिकचं टोपण दाबून बसवा. ते टोपण बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी हरवतं, सांभाळून ठेवा. त्याच खोलीत चूल असेल तर ती विझलेली हवी, निखारेसुद्धा नकोत. देवाजवळचा दिवा आणि उदबत्तीही विसरू नका.

बर्नर धुणं

स्टँड, ताटल्या आणि बर्नर उचलून काढा. एक लिटर कढत पाण्यात दोन चमचे भांड्यांची पावडर टाकून स्टँड आणि ताटल्या अर्धा तास भिजत ठेवा, मग घासा.

पितळी बर्नरला चिंच चांगली. लिंबाएवढी चिंच अर्धा पेला कोमट पाण्यात कोळून लावा, पंधरा मिनिटांनी जुन्या दातब्रशनं घासून धुवा. रात्रभर आंबटात ठेवू नका. पितळ लालसर दिसू लागलं म्हणजे त्यातलं जस्त निघून चाललंय. बर्नर ॲल्युमिनियमचा असेल तर चिंचही नको आणि धुण्याचा सोडाही नको. साबणाचं पाणी पुरे.

बर्नरची छिद्रं एकेक करून सुईनं मोकळी करा आणि बर्नर उलटा धरून आपटा, म्हणजे आतली काजळी खाली पडेल. खराट्याची काडी वापरू नका, ती आत मोडते. धुतलेला बर्नर तासभर उन्हात वाळवा. छिद्रांत पाणी राहिलं तर ज्योत एका बाजूला पेटते, दुसऱ्या बाजूला नाही, आणि माणूस उगाच मिस्त्रीला बोलावतो.

काचेची शेगडी असेल तर तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका, ती तडकते.

जेट आणि नळी

बहुतेक शेगड्या बिघडतात त्या इथंच. बर्नरखाली एक जाड नळी असते, तिच्या तोंडाशी पितळेचा छोटा जेट. त्याचं छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक. त्यातून गॅस जोरात सुटतो, बाजूच्या फटीतून हवा ओढून घेतो आणि दोन्ही नळीत मिसळून बर्नरपर्यंत जातात.

जेट बुजला की ज्योत बारीक होते. मग घासलेटच्या स्टोव्हची पिन नाहीतर तार घालून तो मोकळा केला जातो. ज्योत लगेच मोठी होते आणि सगळे खूश होतात. पण पितळ मऊ असतं, छिद्र थोडं का होईना रुंद होतं. गॅस जास्त सुटतो, हवा तेवढीच राहते आणि ज्योत कायमची पिवळी होते. अशा जेटवर इलाज एकच, त्याच मापाचा नवा जेट मिस्त्रीकडून बसवून घेणं. घरच्या घरी जेट फक्त वरून कोरड्या ब्रशनं झाडा.

नळी मात्र स्वतः पाहा. कपाशीची पऱ्हाटी उपटली की सरपणाची चंगळ असते, चूल पेटते आणि शेगडी महिनामहिना झाकून पडते. तेवढ्यात कोळी आत जाळं करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. नळी बुजली की गॅस उलटा फिरतो आणि ज्योत शेगडीच्या खालून निघते. म्हणून बंद ठेवलेली शेगडी पेटवण्याआधी नळीत टॉर्च मारून पाहा आणि बाटली धुण्याचा पातळ ब्रश फिरवा.

बटण जड फिरत असेल तर त्यात खायचं तेल सोडू नका. ते उष्णतेनं चिकट होतं आणि बटण आणखीच अडकतं. आतलं ग्रीस बदलायचं काम मिस्त्रीचं.

पाइप, वायसर, सिलिंडर

केशरी सुरक्षा पाइपाची मुदत पाच वर्षं, लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. सुरुवातीच्या जोडण्यांना पहिलाच पाइप अजून असेल तर आजच बदला. पाइप हातात धरून थोडा वाकवा आणि बोट फिरवत जा. चिरा किंवा उंदराच्या दातांच्या खाचा बोटाला लागतात. घरात कापूस, तूर, सोयाबीन साठवलेलं असलं की उंदीर येतातच. आणि कापसाचा ढीग गॅसच्या खोलीत मुळीच नको.

सिलिंडर उभाच ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. सारवलेल्या ओल्या जमिनीवर त्याचं बूड गंजतं, म्हणून खाली सपाट फरशी द्या. वरच्या पट्टीवर आतून तपासणीची मुदत लिहिलेली असते: ‘बी-२८’ म्हणजे एप्रिल ते जून २०२८. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका. नवा सिलिंडर आला की तोंडातला रबरी वायसर शाबूत आहे का, हेही पाहा.

आता जोडा आणि तपासा. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण फेसून, बटणं बंद आणि रेग्युलेटर चालू ठेवून, तो फेस रेग्युलेटरच्या बुडाशी आणि पाइपाच्या दोन्ही टोकांना लावा. ज्वारीच्या दाण्याएवढे बुडबुडे पुन्हापुन्हा फुगत असतील तर तिथं गळती आहे. काडी पेटवून गळती शोधू नका.

पेटवताना आधी काडी किंवा लायटर, मग बटण. तीन-चार सेकंदांत पेटलं नाही तर बंद करा आणि पाच मिनिटं थांबा.

वास आला तर

हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, चूल आणि देवाजवळचा दिवा विझवा, दारं-खिडक्या सताड उघडा. लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. भारनियमनाच्या वेळी वीज मधेच येते आणि चालू राहिलेलं बटण ठिणगी टाकतं. म्हणून घराचा मेन स्विच बाहेर असेल तर तो पाडा, आत असेल तर हात लावू नका. सगळ्यांना अंगणात काढा आणि तिथूनच १९०६ ला फोन लावा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.