टेम्प्लेट १ मिमीचं की २ मिमीचं?

आमच्या लॅबमध्ये मेंदूचे एमआरआय स्कॅन टेम्प्लेटवर, म्हणजे एका प्रमाणित मेंदूच्या चित्रावर, बसवतात. ते टेम्प्लेट किती बारीक घ्यायचं, हे लॅबमध्ये नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण मला विचारतो. मी उलट विचारते: स्कॅन किती मिमीचा आहे, आणि मोजायचं काय आहे?

आधी हेडर (स्कॅनच्या फाइलमधली मापांची माहिती) उघडून व्हॉक्सेलच्या, म्हणजे स्कॅनच्या सर्वांत लहान ठोकळ्याच्या, तिन्ही बाजू बघा. दोन बाजू १ मिमी आणि स्लाइसची जाडी ५ मिमी, असे स्कॅन सर्रास येतात. असा स्कॅन ०.५ मिमीच्या टेम्प्लेटवर बसवला की चित्र गुळगुळीत दिसतं, फाइल फुगते, पण माहिती मुळात होती तेवढीच.

आता उलट बाजू. २ मिमीचा एक व्हॉक्सेल म्हणजे १ मिमीचे आठ. कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) जाडी सरासरी अडीच मिमी, म्हणजे आडवा जेमतेम एक व्हॉक्सेल! त्यातही अर्ध्यात ग्रे मॅटर (कॉर्टेक्सची ऊती), अर्ध्यात सीएसएफ (मेंदूभोवतीचा द्रव). हिप्पोकॅम्पससारख्या लहान भागात तर कडेचेच व्हॉक्सेल जास्त, त्यामुळे कड जरा सरकली तरी आकारमान बदलतं. ३ मिमीच्या एफएमआरआयला (मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनला) २ मिमीचं टेम्प्लेट खुशाल वापरा. १ मिमीच्या टी१ वर (मेंदूची रचना दाखवणाऱ्या स्कॅनवर) सेगमेंटेशन करायचं, म्हणजे मेंदूचे भाग वेगळे करायचे, तर लेबलं (कोणता व्हॉक्सेल कोणत्या भागाचा हे सांगणारे आकडे) १ मिमीचीच हवीत.

लेबलं म्हणाले, वॉर्प (स्कॅन ताणून टेम्प्लेटवर बसवण्याचं गणित) नव्हे. एफएसएल या सॉफ्टवेअरचं एफएनआयआरटी हे साधन नेहमीच्या सेटिंगमध्ये २ मिमीच्या टेम्प्लेटवरच वॉर्प काढतं, आणि तोच वॉर्प १ मिमीच्या ग्रिडवर लावता येतो. त्यामुळे रजिस्ट्रेशनला (स्कॅन टेम्प्लेटवर बसवायला) वेळ लागतो म्हणून लेबलं जाड ठेवायची काही गरज नाही.

पुढे वॉर्प उलटा करा आणि अ‍ॅटलासची (टेम्प्लेटवर आखलेल्या भागांच्या नकाशाची) लेबलं रुग्णाच्या मूळ स्कॅनवर आणा. आकारमान तिथेच मोजायचं. टेम्प्लेटवर सगळे मेंदू ताणून एकाच मापाचे झालेले असतात. लेबलं आणताना इंटरपोलेशन (नव्या ग्रिडवरचे आकडे ठरवण्याची पद्धत) निअरेस्ट नेबरच ठेवा, म्हणजे सर्वांत जवळच्या व्हॉक्सेलचा आकडा जसाच्या तसा येतो. फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरच्या लेबलांच्या यादीत डावा हिप्पोकॅम्पस १७, डावं व्हाइट मॅटर २. ट्रायलिनियर इंटरपोलेशनने दोन्हींची सरासरी घेतली की ९.५, पूर्णांकात १०. आणि १० म्हणजे डावा थॅलॅमस, मेंदूचा वेगळाच भाग! हिप्पोकॅम्पसच्या कडेने थॅलॅमसची किनार उगवते.

एका अभ्यासात अर्धे रुग्ण १ मिमीवर आणि अर्धे २ मिमीवर, असं मात्र कधीही नको. गटांमधला फरक आजाराचा की टेम्प्लेटचा, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

शेवटी कोरोनल (समोरून घेतलेल्या उभ्या कापाच्या) दृश्यात लेबलं स्कॅनवर ठेवून एकेक स्लाइस सरकवा. लॅटरल व्हेंट्रिकलच्या टेम्पोरल हॉर्नमध्ये (हिप्पोकॅम्पसलगतच्या द्रवाच्या पोकळीत) हिप्पोकॅम्पसचा रंग सांडलेला दिसला, तर रजिस्ट्रेशन पुन्हा करा.