पहिले बालपुस्तक लिहिताना आपल्या व्यवसायाचा उपयोग कसा करावा

मुलांसाठी लिहू पाहणाऱ्यांत आज परिचारिका, बँक कर्मचारी, शेतकरी, अंगणवाडी सेविका, अभियंते अशी नाना क्षेत्रांतली माणसे असतात, आणि साहित्याचे रीतसर शिक्षण नसताना आपण या वाटेला जावे का, ही शंका त्यांतल्या अनेकांना सतावते. मराठी बालसाहित्याकडे पाहिले तर ही शंका फार काळ टिकू नये. रत्नाकर मतकरी 1978 पर्यंत बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते आणि नोकरी सांभाळतच त्यांनी मुलांसाठी नाटके लिहिली, बसवली. मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या माधुरी पुरंदरे यांनी जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे फ्रेंच भाषा शिकवली. तेव्हा लिहावे की नाही याचा घोळ न घालता, आपले काम गोष्टीत कसे उतरवायचे याचा विचार करणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिले पथ्य असे की आपली पदवी आणि अधिकार लेखनाबाहेर ठेवावेत. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी आपली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. ती कथा खास मुलांसाठी नव्हती, तरी तिच्यामागची वृत्ती प्रत्येक नव्या बाललेखकाने अंगी बाणवावी अशी आहे, कारण लेखक कोण आहे याच्याशी सात वर्षांच्या वाचकाला काहीही देणेघेणे नसते. डॉक्टर लिहू लागले की हात धुण्याचा उपदेश आणि शिक्षक लिहू लागले की तात्पर्य आपोआप येते. पहिल्या खर्ड्यात ते येऊ द्यावे आणि दुसऱ्यात निष्ठुरपणे काढून टाकावे.

मग व्यवसायातून घ्यायचे काय? हातांच्या हालचाली, आवाज, वास, कामाचा क्रम आणि त्या कामातले खास शब्द. समजा, आपण एस.टी.त वाहक होता. ‘वाहकाने प्रामाणिकपणे सेवा केली’ या वाक्यात मुलाला पाहण्यासारखे काही नाही. मात्र गाडीच्या छताखालून गेलेली दोरी, ती एकदा ओढली की गाडी थांबते आणि दोनदा ओढली की निघते हा नियम, तिकिटांचा ट्रे काखेत धरून दांड्यावर चिमटा टकटक वाजवत गर्दीतून पुढे सरकणारा माणूस, आणि सुट्ट्या पैशांवरून रोज होणारी हुज्जत, यांत मुलाला हवे ते सारे आहे. आता त्या गाडीत एका मुलीला बसवा, तिचा हात दोरीपर्यंत पोहोचत नाही असे ठरवा, आणि दोरी ओढण्याची तिची इच्छा कशी पुरी होते ते सांगा. इच्छा मुलीची असावी, तिची वाटही तिनेच शोधावी. प्रसंग सोडवायला मोठे माणूस धावून आले की गोष्ट तिच्या हातातून निसटते. आपल्या पोटापाण्याच्या कामाची अशी एखादी वस्तू निवडून तिच्याभोवती लिहिणे हा नवख्यासाठी मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो.

खर्डा झाल्यावर वयोगट ठरवावा आणि त्याप्रमाणे कात्री चालवावी. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या ऑनलाइन व्यासपीठावर पहिल्या वाचनपातळीच्या पुस्तकासाठी साधारण 250 शब्दांची, दुसरीसाठी 600 शब्दांची आणि तिसरीसाठी 1500 शब्दांची मर्यादा मानली जाते, हे आकडे समोर ठेवले की किती गाळायचे याचा अंदाज येतो. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी लिहीत असाल तर जोडाक्षरे शक्य तितकी टाळावीत. आपल्या गावची बोली मात्र टाळू नये: मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आजीच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली तर आजीच नाहीशी होते. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवल्यास बाहेरच्या वाचकालाही अडचण येत नाही.

चित्रपुस्तक असेल तर कागद दुमडून सोळा पानांची छोटी वही करावी आणि कोणत्या पानावर कोणते वाक्य येईल ते पेन्सिलीने लिहावे. चित्रात जे दिसणार आहे ते शब्दांत पुन्हा सांगू नये. मुलीचा फ्रॉक लाल आहे हे चित्रकाराला ठरवू द्यावे. त्यानंतर ओळखीच्या, पण घरच्या नसलेल्या मुलांना गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी आणि मुले कुठे चुळबुळ करतात, कुठे मध्येच प्रश्न विचारतात, तेथे खूण करावी. घरची मुले प्रेमापोटी ऐकून घेतात, म्हणून त्यांचा कौल पुरेसा नाही.

एकदम पुस्तकाच्या मागे लागण्यापेक्षा आधी एखादी गोष्ट मासिकाकडे पाठवणे बरे. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघत आहे. प्रकाशकाकडे जाताना त्याची आधीची पुस्तके वाचून जावे आणि सोबतच्या पत्रात आपल्या कामाविषयी दोन-तीन ओळीच लिहाव्यात. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. करार करताना लेखनाचा हक्क कायमचा विकला जात आहे की ठरावीक मुदतीसाठी आणि आवृत्तीसाठी दिला जात आहे, हे नीट वाचावे, कारण भारतीय कायद्याने हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे टिकतो. स्टोरीवीव्हरवर दिलेले लेखन मुक्त परवान्याखाली जाते. त्याचे भाषांतर आणि पुनर्वापर कोणीही करू शकतो, तेव्हा ते मान्य असेल तरच तेथे द्यावे. आणि चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर आपल्या नावाच्या बरोबरीने यावे, हे करारातच लिहून घ्यावे.