टेबलावर चालतो, कारखान्यात गप्प होतो: छोट्या इथरनेट बोर्डच्या या चुका टाळा

बोर्ड एका केबलने लॅपटॉपला जोडला, पिंगला ('आहेस का?' विचारणाऱ्या छोट्या पॅकेटला) उत्तर आलं, 'नेटवर्क झालं' म्हणून पाठवून दिला. ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या तिच्या आडोशाला लपतात. एका केबलवर गर्दी नसतेच. 100 एमबीपीएसच्या लाइनवर 64 बाइटची पॅकेट सलग आली तर सेकंदाला सुमारे 1,48,800 येतात, म्हणजे दर 6.72 मायक्रोसेकंदाला एक. 168 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एसटीएम32एफ407 या मायक्रोकंट्रोलरच्या वाट्याला एका पॅकेटमागे जेमतेम 1,130 क्लॉक (प्रोसेसरचे ठोके) येतात. तेवढ्यात एलडब्ल्यूआयपी या नेटवर्क लायब्ररीसकट सगळं उरकत नाही. पॅकेट गळणार, हे धरूनच कोड लिहायचा. गर्दी ओसरल्यावर बोर्ड पुन्हा बोलतो का, हे बघायचं.

आमचा बोलला नव्हता. भोसरीतल्या एका कारखान्यात वीज मोजणारे बोर्ड लावले होते, एफ407 वरचेच. सोमवारी सकाळी पाळी सुरू झाली की दोन-तीन बोर्ड गप्प. रीसेट दिला की आठवडाभर ठीक. केबल बदलल्या, स्विच बदलला, अर्थिंग तपासलं. शेवटी एका सोमवारी साडेसहालाच लॅपटॉप घेऊन तिथे बसलो, पिंग चालू ठेवून. ऑफिसातले पीसी सुरू व्हायला लागले आणि एआरपी ब्रॉडकास्टचा ('हा आयपी पत्ता कुणाचा?' असं सगळ्यांना विचारणाऱ्या पॅकेटचा) लोंढा आला. तो ओसरला तेव्हा पिंग 1 मिलिसेकंदावरून 1,000 च्या आसपास गेलेलं. पुढच्या लोंढ्यानंतर 2,000. मग उत्तरच बंद.

ते हजार बघितलं आणि उलगडा झाला. पिंग सेकंदाला एक जातं, म्हणजे बोर्ड एक पॅकेट मागे राहून उत्तर देत होता. आमचा ड्रायव्हर एका इंटरप्टला (पॅकेट आल्याच्या हार्डवेअरच्या हाकेला) एकच पॅकेट उचलायचा, आणि नेटवर्कच्या टास्कला उठवणारा सेमाफोर बायनरी, म्हणजे एका वेळी एकच टोकन धरणारा. दोन पॅकेट पाठोपाठ आली तरी टोकन एकच, दुसरं पॅकेट तसंच पडून. वर आणखी एक घोळ: पीबफ (पॅकेट ठेवायचा एलडब्ल्यूआयपीचा बफर) मिळाला नाही की फंक्शन तिथूनच परत फिरायचं, डिस्क्रिप्टर (आलेल्या पॅकेटच्या जागेची नोंद) डीएमएला, म्हणजे पॅकेट परस्पर मेमरीत टाकणाऱ्या हार्डवेअरला, परत न देता. चारच डिस्क्रिप्टर होते. चारही भरल्यावर डीएमए रिकाम्या जागेची वाट बघतो, टास्क इंटरप्टची, दोघंही बसून.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. इंटरप्ट आला की पॅकेट संपेपर्यंत लूप. पीबफ नसेल तर पॅकेट टाकून द्या, पण डिस्क्रिप्टर परत केलाच पाहिजे. सेमाफोरवर कायमचं थांबू नका; मी 100 मिलिसेकंदांचा टाइमआउट देतो आणि उठल्यावर एकदा डिस्क्रिप्टरची रिंग तपासतो. 'रिसीव्ह बफर नाही' हा बिट लागला असेल तर डिस्क्रिप्टर देऊन झाल्यावर थांबलेल्या डीएमएला जागं करणाऱ्या पोल डिमांड रजिस्टरमध्ये लिहा.

'वॉचडॉग (बोर्ड अडकला तर रीसेट देणारा टायमर) लावलाय, आता चालतंय' हे मला कुणी सांगू नये. नेटवर्कची टास्क झोपलेली असताना मेन लूप वॉचडॉगला 'सगळं ठीक' म्हणून खुशाल पाणी घालत असतो. आणि रीसेट झालाच, तर मधली रीडिंग कोण भरून देणार?

इंटरप्टमधून प्रिंटएफ (सिरियल पोर्टवर मजकूर छापणं) करू नका. 115200 बॉडवर 40 अक्षरांना साडेतीन मिलिसेकंद लागतात; तेवढ्यात पूर्ण आकाराची 28 पॅकेट येऊ शकतात.

बफर एफ407 च्या 64 केबीच्या सीसीएम रॅममध्ये (फक्त प्रोसेसरला जोडलेल्या मेमरीत) ठेवू नका, डीएमए तिथे पोचत नाही.

एलडब्ल्यूआयपीचा रॉ एपीआय (कुलूप नसलेली थेट फंक्शन) दोन टास्कमधून हाकू नका. कधीतरी फुटतो, आणि कधी ते सांगता येत नाही.

सगळे मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठी पाठवलेली पॅकेट) आत घेण्याचा बिट उदाहरणाच्या कोडमधून आला असेल तर आधी काढा. साध्या स्विचवर आयपी कॅमेरा मल्टिकास्ट करत असेल, तर त्याचं चित्र तुमच्याही दारात येतं.

ईएनसी28जे60 ही वेगळी इथरनेट चिप वापरणाऱ्यांसाठी: बफर एकूण 8 केबी, वेग 10 एमबीपीएस, ऑटो-निगोशिएशन (स्विचशी आपोआप जुळवून घेणं) नाही. चिपमध्ये फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) लावलंत तर स्विचचा पोर्टही हाताने तसाच लावा, नाहीतर हाफवर राहा. पॅकेट आल्याच्या फ्लॅगवर विसंबू नका. इराटात (चिपच्या ज्ञात चुकांच्या यादीत) लिहिलेलं आहे, पॅकेट काउंट रजिस्टर वाचा. इराटा न वाचता पीबफच्या पूलची साइझ वाढवत बसणारे मी फार पाहिलेत.

पाठवण्याआधी बोर्ड रात्रभर स्विचवर ठेवतो. एका लिनक्स मशीनवरून फ्लड पिंग (न थांबता पिंगचा मारा), दुसऱ्यावरून साधं पिंग. सकाळी फ्लड थांबवतो आणि साध्या पिंगकडे बघत बसतो. ते 1 मिलिसेकंदाच्या आत परत आलं आणि चुकलेल्या पॅकेटचा काउंटर पुढे सरकायचा थांबला, तरच बोर्ड खोक्यात जातो.