जुळ्यांची वार एकच असेल तर सोनोग्राफीत या चुका टाळा

रिपोर्टात नुसतं ‘जुळी गर्भधारणा’ लिहून मोकळं होणं, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांतच ठरवायचं. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला भिडतो तिथे जाड त्रिकोणी लॅम्डा (ग्रीक ‘λ’ अक्षरासारखा आकार) दिसला तर वार दोन. पातळ पडदा ‘टी’सारखा काटकोनात टेकला तर एक. लॅम्डा पुढे पुसट होतो, त्यामुळे २० व्या आठवड्यात तो न दिसणं हा एका वारेचा पुरावा नव्हे. ठरतच नसेल तर एकच धरून चाला.

वार एक असेल तर १६ व्या आठवड्यापासून दर २ आठवड्यांनी तपासणी. महिन्याभराचं अंतर इथे चालत नाही.

वजनातला फरक पाहून ‘एकाचं रक्त दुसऱ्याकडे जातंय’ असं घाईने लिहिलं जातं. त्या आजाराचं निदान गर्भजलावर होतं: एका पिशवीतला पाण्याचा सर्वांत खोल कप्पा ८ सेंटिमीटर किंवा जास्त (२० आठवड्यांनंतर बरेच जण १० धरतात), दुसरीत २ किंवा कमी. दोन्ही पिशव्यांचं पाणी एकत्र मोजलं तर आकडा नॉर्मल येऊन फसवतो.

फसगतीची खरी जागा वेगळीच. देणाऱ्या बाळाचं पाणी पार आटलं की पडदा त्याच्या अंगाला चिकटतो, दिसत नाही, आणि रिपोर्ट जातो: ‘दोघं एकाच पिशवीत, पाणी भरपूर.’ अशा वेळी आईला कुशीवर वळवा. बाळ खाली न येता गर्भाशयाच्या भिंतीलाच लटकलेलं राहिलं, तर पडदा आहे. हातापायांच्या कडेने बारकाईने शोधा, त्या बाळाचं मूत्राशय भरलेलं दिसतं का तेही पाहा.

पाणी दोन्हीकडे नीट, म्हणून मेंदूतल्या धमनीचा डॉप्लर (रक्तप्रवाहाचा वेग मोजणारी सोनोग्राफी) टाळू नका. एक बाळ रक्ताने फिकं आणि दुसऱ्याचं रक्त दाट, हा प्रकार पाण्यात उमटत नाही. विशेषतः रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या आजारावर लेसर उपचार झाल्यानंतर तो हमखास शोधावा.

एक बाळ दगावलं तर दुसऱ्याला लगेच बाहेर काढण्याची घाई सहसा उपयोगाची नसते, कारण मेंदूला इजा व्हायची तर ती बहुधा त्याच वेळी झालेली असते. वाचलेल्या बाळाला रक्तक्षय आहे का ते डॉप्लरने बघा आणि ४ ते ६ आठवड्यांनी मेंदूचा एमआरआय करा.